दुपारी बर्फ, रात्री नासलेलं दूध: एका कॅम्पर व्हॅनच्या फ्रिजचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात माझा छोटा गाळा आहे. ट्रॅव्हलर, जुन्या मिनी बस, क्वचित एखादा टेम्पो, असल्या गाड्यांत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सोलर बसवून द्यायचं काम मी करतो. त्यातलं वायरिंग माझ्या हातचं, सुतारकाम दुसऱ्याकडे. या प्रकरणातली गाडी मात्र मी बांधलेली नाही. ती दुसरीकडे बांधली गेली आणि आजारी पडल्यावर माझ्याकडे आली. मालकांना इथे नुसतं काका आणि काकू म्हणतो. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू शाळेत विज्ञान शिकवायच्या. (हे दुसरं पुढे महत्त्वाचं ठरलं.) दोघांनी सेकंडहँड ट्रॅव्हलर घेतली. मागच्या बाजूला १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी, घरच्या इन्व्हर्टरला असते तसलीच. छतावर दोन सोलर पॅनल. आणि ड्रायव्हरच्या सीटमागे, ओट्याखाली, ६० लिटरचा फ्रिज. फ्रिज थेट १२ व्होल्टवर चालणारा, आत बीडी३५ जातीचा कॉम्प्रेसर. कंपनीचं नाव आता सेकॉप आहे, पण आमच्या धंद्यात अजून सगळे त्याला डॅनफॉसच म्हणतात.

या कॉम्प्रेसरवर एक कंट्रोलर बसवलेला असतो. बॅटरी पार झोपू नये म्हणून तो व्होल्टेजवर लक्ष ठेवतो. मूळ सेटिंगवर १०.४ व्होल्टच्या खाली गेलं की कॉम्प्रेसर बंद करतो (हा कट-ऑफ) आणि ११.७ च्या वर आल्याशिवाय पुन्हा सुरू करत नाही. पुढचा सगळा गोंधळ या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत झाला.

अडचण

फेब्रुवारीत दोघं कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला वेळासला निघाले. ताम्हिणीतून खाली उतरून हरिहरेश्वर, मग बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी घालून पलीकडे वेश्वी, तिथून वेळास. फ्रिज वाटभर उत्तम. रात्री गाडी सुरूच्या झाडांखाली लावली, आणि साडेदहाच्या सुमारास फ्रिज गप्प झाला. सकाळी दूध फाटलेलं. नऊला ऊन आलं तसा आपोआप सुरू झाला आणि दुपारपर्यंत बर्फाचा ट्रे घट्ट.

दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. काकांनी त्यावर तोडगा काढला: दुपारी थर्मोस्टॅट फुल करून ठेवायचा, म्हणजे गारवा रात्रभर पुरेल. दूध वाचलं. पण मागच्या थंड पत्र्याला टेकवून काकांची इन्सुलिनची दोन नवी पेनं ठेवलेली होती, ती गोठली. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी वापरायचं नसतं. दोन्ही फेकावी लागली. हे मला कळलं फार उशिरा, त्याबद्दल पुढे.

परतीच्या वाटेवर तालुक्याच्या गावी एका फ्रिजवाल्याला दाखवलं. त्याने हात लावून बघितलं आणि "गॅस कमी झालाय, भरून देतो" म्हणाला. काकांनी पाकीट काढलंही होतं. काकूंनी विचारलं, "गॅस कमी असेल तर दुपारी बर्फ कसा होतो? रात्री गॅस कुठे जातो?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मला विचाराल तर या प्रकरणातला पहिला अचूक निर्णय हाच, आणि तो कुणा तंत्रज्ञाचा नव्हता. या लहान फ्रिजमध्ये गॅस मोजून काही ग्रॅम असतो. नळी कापून अंदाजाने भरला असता तर चांगला फ्रिज कायमचा बिघडला असता.

माझी पहिली तपासणी, आणि पहिली चूक

गाडी गाळ्यावर आली ती भर दुपारी. पॅनलवर ऊन, त्यात कोथरूडवरून चालवत आणलेली. बॅटरीवर १३.६ व्होल्ट, फ्रिज सुरळीत. काकूंनी सांगितलं की रात्री फ्रिज बंद पडतो तेव्हा पुढचा लाल दिवा एकदा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा एकदा लुकलुकतो.

हे दिवे मला पाठ आहेत. एक लुकलुक म्हणजे व्होल्टेज कमी, दोन म्हणजे पंखा जास्त करंट ओढतोय, तीन म्हणजे मोटर सुरूच होत नाही, चार म्हणजे सुरू होऊन वेग धरत नाही, पाच म्हणजे कंट्रोलर तापला. एक म्हटल्यावर मी लगेच बोललो: "बॅटरी गेली, काका."

दिवा खरं बोलत होता, ऐकण्यात माझी चूक झाली. कंट्रोलरपाशी व्होल्टेज कमी पडतंय, एवढंच तो सांगत होता. बॅटरी कमजोर आहे असं तो म्हणाला नव्हता. कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यामध्ये सहा मीटर गाडी होती आणि मी ती हिशोबात धरलीच नाही. हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) घालून सेल तपासले असते तरी शंका आली असती. (नंतर तपासले. सहाही सेल सारखे, बॅटरीला काही झालेलं नव्हतं.)

नवी बॅटरी १५ हजारांच्या घरात. ती लगेच घ्यायला लावायची नाही एवढं शहाणपण मात्र सुचलं. गाळ्यावरची भरलेली बॅटरी त्यांना वापरायला दिली. दोन रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये फ्रिज सकाळपर्यंत चालला. मी खूश, काका खूश. काकूंनी तेवढं म्हटलं, "पण या दोन रात्री आम्ही गाडीत झोपलो नव्हतो."

मी ते हसण्यावारी नेलं. तिसऱ्या रात्री दोघं गाडीतच झोपले आणि अकराच्या आत फ्रिज बंद.

काकूंची वही

इथे मी हात टेकले. काकूंनी एक वही पुढे केली. दोनशे पानी, शाळेतल्या हजेरीसारखी आखलेली. वेळासपासून त्या नोंदी करत होत्या. फ्रिजमध्ये पाण्याचा पेला, त्यात थर्मामीटर. नुसत्या हवेचं तापमान दार उघडलं की बदलतं, पाण्याचं नाही, म्हणून पेला. शेजारी वेळ, आणि त्या वेळी गाडीत काय काय चालू आहे ते. एक पान असं होतं:

१०.३५: ७ अंश. पंखा चालू, दोन दिवे. फ्रिज बंद पडला.
१०.३७: गुर्र झालं, लगेच बंद.
१०.३८: पुन्हा तसंच.
११.१०: ९ अंश. पंखा बंद केला. फ्रिज चालू, टिकला.
११.५०: उकडतंय. पंखा लावला. फ्रिज बंद.

शेवटच्या दोन ओळी मी दोनदा वाचल्या. छताच्या पंख्याची वायर वेगळी, फ्यूज वेगळा. पंखा लावल्यावर फ्रिज पडतो याचा अर्थ दोघांची वाट कुठेतरी एक आहे. आणि मिनिटा-मिनिटाने "गुर्र, लगेच बंद" हेही जुळत होतं: कॉम्प्रेसर सुरू झाला की करंट वाहतो, व्होल्टेज वाटेत सांडतं, कंट्रोलर बंद करतो. करंट थांबला की सांडणंही थांबतं, व्होल्टेज ११.७ च्या वर परततं, तो पुन्हा प्रयत्न करतो. रात्रभर हाच खेळ.

रात्रीची मोजणी

आजार रात्रीचा आणि मी तपासत होतो दुपारी. म्हणून त्या रात्री साडेनऊला त्यांच्या पार्किंगमध्ये गेलो. त्यांचीच जुनी बॅटरी परत जोडली. पंखा, दिवे, जसं ते झोपताना ठेवतात तसं सगळं. ओट्याखालचे चार स्क्रू काढून फ्रिज बाहेर ओढला आणि मल्टीमीटरच्या पिना थेट कंट्रोलरच्या टर्मिनलला लावल्या.

फ्रिज थांबलेला असताना तिथे ११.९. कुणीही बघून म्हणेल, ठीक आहे. काकूंनी थर्मोस्टॅट फिरवला. कॉम्प्रेसर घरघरला आणि आकडा उतरायला लागला: ११.१, १०.७, १०.५, १०.४. खट्ट. दिवा एकदा लुकलुकला. आकडा परत ११.९.

काका म्हणाले, "अरे, हा तर नाटक करतोय."

मग तुकडे पाडले. पंखा काढून, फ्रिज पुन्हा सुरू होऊ दिला, टिकला. मग पंखा लावला आणि पडायच्या आत एकेक आकडा टिपला. बॅटरीच्या खुंट्यांवर, लोड चालू असताना, १२.० व्होल्ट. म्हणजे बॅटरी निर्दोष. तिथून फ्रिजपर्यंत पॉझिटिव्ह बाजूला ०.५ व्होल्ट हरवत होते. निगेटिव्ह बाजूला १.१. बारातून हे वजा केलं की १०.४ उरतात, बरोबर कट-ऑफच्या उंबऱ्यावर.

पॉझिटिव्हचं कारण दिसत होतं. फ्रिजला १.५ स्क्वेअर एमएमची वायर टाकलेली, घरात दिव्याच्या पॉइंटला टाकतात ती. सहा मीटर. फ्रिज ओढतो साडेचार अँपिअर. १२ व्होल्टवर या कॉम्प्रेसरच्या पुस्तिकेत वायरीचा तक्ता २.५ पासूनच सुरू होतो, तीही फक्त अडीच मीटरपर्यंत चालते. सहा मीटरला सहा स्क्वेअर एमएम लागते. २३० व्होल्टवर अर्धा व्होल्ट गेला तर कुणाला कळतही नाही. बारात अर्धा म्हणजे मोठा वाटा.

निगेटिव्हचं कारण बॅटरीमागे, हाताला लागलं आधी आणि डोळ्यांना दिसलं नंतर. फ्रिज, पंखा, दिवे, पंप, सगळ्यांची निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला मारलेली, आणि बॉडीपासून बॅटरीला येणारी एकच वायर एका बोल्टवर. तो बोल्ट बोटाला कोमट लागला. फ्रिजचे साडेचार आणि पंखा-दिव्यांचे तीन मिळून साडेसात अँपिअर त्यातून जात होते; १.१ व्होल्टने गुणलं तर आठ वॉट, एका बोल्टमध्ये. खोलला. खाली पत्र्याचा रंग खरवडलेलाच नव्हता, थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचं धातूचं कडं, रंगावरच आवळलेलं. कडेने पांढरट-हिरवी भुकटी. दोन-तीन वेळा समुद्रकिनारी राहून आलेल्या गाडीत खारी हवा काय करते ते तिथे दिसत होतं.

माझ्या भरलेल्या बॅटरीने दोन रात्री फ्रिज का चालवला, हेही उलगडलं. बॅटरी साडेबारावर, गाडीत कुणी नाही, पंखा बंद. म्हणजे कट-ऑफच्या बऱ्याच वर.

समोरचे पर्याय

काकांचा पहिला प्रश्न: "मग बोल्टच घास ना, दहा मिनिटांचं काम." खरं होतं. नुसता बोल्ट साफ केला असता तर एक व्होल्ट तिथल्या तिथे परत मिळाला असता आणि त्या रात्रीची सोय झाली असती. पण ही गाडी वर्षातून चार वेळा किनाऱ्यावर जाणार. बॉडी अर्थ, म्हणजे निगेटिव्हची ही बॉडीमार्गे जोडणी, पुन्हा गंजणार, पुन्हा असाच रात्री सापळा. आणि वायरीचा मागोवा घेत जाताना दुसरी गोष्ट सापडली, ती मला जास्त खटकली: फ्यूज फ्रिजच्या जवळ होता, बॅटरीजवळ नव्हता. म्हणजे पॉझिटिव्हची सहा मीटर बारीक वायर, प्लायवूडच्या मागून, कुठल्याही फ्यूजशिवाय. मध्ये कुठे घासून बॉडीला लागली तर तोडणारं कुणी नाही. दोघं ज्या पलंगावर झोपतात त्याच्याखालून ती जात होती. हे दिसल्यावर नुसत्या बोल्टवर थांबणं शक्यच नव्हतं.

कंट्रोलरला एक रेझिस्टर लावून कट-ऑफ ९.६ पर्यंत खाली आणता येतो. शंभर रुपयांतही होईल. फ्रिज चालला असता, बोल्ट अजून तापला असता. नाही म्हटलं.

लिथियम बॅटरीचा विषय काकांच्या मित्राने काढला होता. हा मोह समजण्यासारखा आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बराच वेळ तेराच्या आसपास टिकून राहते, त्यामुळे १.६ व्होल्ट वाटेत गेले तरी फ्रिजला ११.४ मिळतात. "लिथियम टाकली आणि फ्रिज सुधारला" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यातल्या निम्म्यांची वायरिंग मला एकदा उघडून बघायची आहे.

घरगुती फ्रिज इन्व्हर्टरवर चालवणं, किंवा परदेशी कॅम्परमधला गॅसवरचा फ्रिज, यांचा विचार पाच मिनिटांत संपला. पहिल्यात इन्व्हर्टर स्वतःच रात्रभर बॅटरी चाटत राहतो. दुसऱ्याला गाडी सपाट जागी लागते आणि आपल्या उन्हाळ्यात तो धापा टाकतो.

निर्णय आणि काम

बॅटरीपासून फ्रिजपर्यंत सहा स्क्वेअर एमएमच्या दोन स्वतंत्र वायरी टाकल्या, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही. फ्रिज बॉडी अर्थवरून पूर्ण सुटला. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. थिंबल दाबून बसवली, वर उष्णतेने आवळणारी नळी. जुना बोल्ट काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवा बोल्ट, दातेरी वॉशर, वरून ग्रीस, कारण पंखा आणि दिवे अजून त्याच वाटेने येतात. सामान दोन हजारांच्या आत, काम एका दिवसाचं. वेळ गेला तो प्लायवूड उचकटण्यात.

रात्री पुन्हा मोजलं, पंखा-दिवे लावून. बॅटरीवर १२.०, फ्रिजवर ११.७५. काकूंनी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

निकाल, आणि त्यानंतरचा मे महिना

मार्चमध्ये दिवेआगर, चार रात्री, फ्रिज एकदाही थांबला नाही. सकाळचं तापमान ४ ते ६ अंश. माझ्या दृष्टीने फाइल बंद.

मे महिन्यात मुलीकडे नागपूरला निघाले, समृद्धी महामार्गाने. नागपुरात पारा ४४ वर, गाडी उघड्यावर. दुपारी दोनला काकूंचा फोन. "फ्रिज बंद आहे. आणि या वेळी दिवा पाच वेळा लुकलुकतोय. पाच. मी तीनदा मोजलं."

पाच म्हणजे कंट्रोलर तापलाय. या वेळी मी काही बोललो नाही, विचारलं: "फ्रिजच्या मागे, बाजूला काय ठेवलंय?" शोधाशोध झाली. लेकीसाठी नेलेली आमसुलं, कुळीथ आणि पोहे यांची गोणी ओट्याखाली फ्रिजशेजारच्या फटीत कोंबलेली होती. कॉम्प्रेसरची गरम हवा निघायची तेवढी एकच जागा. गोणी काढली, ओट्याचं खालचं दार उघडं ठेवलं, तासाभरात सुरू.

खरा दोष गोणीचा नव्हता. फ्रिज तीन बाजूंनी प्लायवूडमध्ये बंद होता आणि हवेला आत यायला एक फट, बाहेर जायला तीच. मार्चमध्ये मी तो फ्रिज स्वतः बाहेर ओढला होता, ती पेटी बघितली होती. तेव्हा डोक्यात फक्त व्होल्ट होते. परत आल्यावर खाली एक जाळी आणि मागे वरच्या बाजूला दुसरी कापली, गरम हवा आपोआप वर निघून जाईल अशी. काकूंच्या नोंदीप्रमाणे आधी तासातली पन्नासेक मिनिटं चालणारा कॉम्प्रेसर आता पुण्याच्या उन्हाळ्यात अर्धा तास चालतो. तेवढीच बॅटरीही वाचते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी गाडी गाळ्यावर ठेवून घ्यायला हवी होती, रात्र होईपर्यंत. लोड चालू असताना फ्रिजच्या टर्मिनलवर एक मोजणी, एवढंच. उसनी बॅटरी, दोन फेऱ्या आणि तिसऱ्या रात्रीची निराशा टळली असती. उसनी बॅटरी देणं वाईट नव्हतं. ती दिल्यावर "चाललं" याला पुरावा मानणं वाईट होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम मी पोरांना शिकवतो, आणि इथे बॅटरीही बदलली, पंखाही बंद, माणसंही घरात.

इन्सुलिनची गोष्ट मला काम संपल्यावर, चहा पिताना कळली. मी कधी विचारलंच नव्हतं की फ्रिजमध्ये काय असतं. कळलं असतं तर वायरीच्या आधी तेच बोललो असतो: फ्रिज नीट होईपर्यंत न उघडलेली पेनं त्यात ठेवू नका, आणि थर्मोस्टॅट फुल तर मुळीच करू नका. त्यांच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की वापरात असलेलं पेन तीस अंशांखाली साधारण चार आठवडे बाहेर चालतं. साठ्याला दोन ते आठ अंश लागतात. आता वापरातलं पेन पिशवीत असतं. नवी पेनं फ्रिजच्या दारात, पत्र्यापासून लांब, डब्यात. किनाऱ्यावर जास्त दिवस राहायचं असेल तर ओळखीच्या औषधाच्या दुकानात ठेवतात.

एक मुद्दा अजून सुटलेला नाही. वायरिंग सुधारल्यावर फ्रिजला आता जवळपास बॅटरीइतकंच व्होल्टेज दिसतं, म्हणजे १०.४ चा कट-ऑफ खरोखर बॅटरीला १०.६-१०.७ पर्यंत रिकामी करू शकतो, आणि ट्युब्युलर बॅटरीला ते सोसत नाही. माझं म्हणणं, रेझिस्टर लावून कट-ऑफ अकराच्या आसपास वर चढवू. काकांचं म्हणणं, रात्री फ्रिज बंद पडण्याचा विषय आता घरात काढू नकोस. काकूंनी पावसाळ्यातल्या ढगाळ आठवड्याच्या नोंदी करून बघायचं ठरवलंय. रेझिस्टर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.